औद्योगिक क्षेत्राचा कारभारी कोण?

हिंजवडीच्या आयटी पार्कात पावसाळ्यात रस्त्यावर पाणी तुंबले की पहिला प्रश्न पडतो, तक्रार करायची कुठे? पार्कच्या आतले रस्ते एमआयडीसीचे, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे. शेजारच्या गल्ल्या हिंजवडी, माण, मारुंजी या ग्रामपंचायतींच्या. या गावांत उभ्या राहिलेल्या टोलेजंग इमारतींना परवानगी पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, आणि माणपासून शिवाजीनगरपर्यंतच्या २३ किलोमीटरच्या मेट्रोचे कामही त्याच प्राधिकरणाच्या अखत्यारीत. पलीकडे वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत, आणि मधला महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. ओढा मात्र एकाची हद्द संपली म्हणून थांबत नाही. वरच्या हद्दीत भराव टाकून तो अरुंद केला, तर खालच्या हद्दीत कितीही मोठी गटारे बांधली तरी पाणी रस्त्यावरच येणार.

देशातल्या नावाजलेल्या आयटी पार्कांपैकी एकाची ही अवस्था का व्हावी? पैसा नाही म्हणून नव्हे आणि अभियंते नाहीत म्हणूनही नव्हे. शासनाने एखादा भूभाग ‘औद्योगिक क्षेत्र’ म्हणून जाहीर केला की तिथे कारभाराची एक वेगळी चौकट उभी राहते. ही चौकट कशी रचली आहे, कोणाच्या हाती काय आहे, यावर त्या भागाची वाढ बरीचशी अवलंबून असते. भांडवल, बाजारपेठ, बंदर, मनुष्यबळ हे सगळे लागतेच. पण हे सगळे असूनही क्षेत्र अडखळते, तेव्हा कारण बहुतेक वेळा कारभारात सापडते.

कोणतेही औद्योगिक क्षेत्र समोर आले की चार गोष्टी तपासाव्यात. जमीन कोणाच्या ताब्यात आहे, बांधकामाची परवानगी कोण देतो, कर आणि शुल्क कोण घेतो, आणि पाणी, रस्ते, कचरा, सांडपाणी, अग्निशमन कोण सांभाळतो. चारही एकाच हाती असतील तर काम वेगाने होते, पण त्या हातावर स्थानिकांचा वचक राहत नाही. ती चार हातांत वाटली गेली तर वचक राहतो, पण फाइल फिरत राहते. सगळ्यात वाईट रचना म्हणजे उत्पन्न एकाकडे आणि जबाबदारी दुसऱ्याकडे.

एमआयडीसीच्या हाती काय आहे

महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१ चा. त्याखाली १ ऑगस्ट १९६२ ला महामंडळ स्थापन झाले आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून सुरुवात झाली. या कायद्याची ताकद त्याच्या सहाव्या प्रकरणात आहे. शासन एखाद्या भागाला हे प्रकरण लागू करते, मग कलम ३२(२) खाली जमीनमालकांना नोटिसा जातात, त्यांचे म्हणणे ऐकले जाते, आणि कलम ३२(१) ची अधिसूचना निघाली की जमीन सर्व बोज्यांतून मुक्त होऊन शासनाकडे येते. पुढे मोबदला, ताबा, आणि महामंडळाकडे हस्तांतरण.

शेतकऱ्याच्या दृष्टीने यातला सर्वात अवघड काळ नोटीस आणि अंतिम अधिसूचना यांच्या मधला. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत औद्योगिक क्षेत्राचा शेरा पडतो. त्यानंतर जमीन विकायला गिऱ्हाईक मिळत नाही, बँक कर्ज देताना हात आखडता घेते, विहीर किंवा गोठा बांधायचा तरी मनात धास्ती राहते. हा काळ लांबला की जमीन धड शेतीची राहत नाही, धड उद्योगाची होत नाही. स्थानिक अर्थव्यवस्थेचे हे नुकसान कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही, म्हणून त्याची घाईही कोणाला नसते. ज्या क्षेत्रांसाठी संपादन होणार नाही, ती वेळेत अधिसूचनेतून वगळणे हे नवी क्षेत्रे जाहीर करण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे.

जमीन हाती आल्यावर महामंडळ भूखंड पाडते आणि ते ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. शिवाय प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४० खाली एमआयडीसी आपल्या हद्दीची विशेष नियोजन प्राधिकरण असते, म्हणजे बांधकाम नकाशे तीच मंजूर करते. तिचे स्वतःचे अग्निशमन दल आहे. पाणी तीच पुरवते, आणि काही ठिकाणी धरणही तिचेच. मुरबाड तालुक्यातले बारवी धरण एमआयडीसीने बांधले. त्याचे पाणी कारखान्यांबरोबर आसपासच्या शहरांतल्या नळांनाही जाते. म्हणजे चारपैकी तीन गोष्टी जवळपास पूर्णपणे महामंडळाकडे आहेत. उरलेली, कर आणि शुल्काची, तेवढी वादात राहिली आहे.

पट्टी कोणाची, गटार कोणाचे

कारखानदार महामंडळाला भूखंडाचा प्रीमियम देतो, पाणीपट्टी देतो, रस्ते-दिव्यांसाठी सेवाशुल्क देतो. त्याच कारखान्यावर ग्रामपंचायत किंवा महापालिका मालमत्ता कर मागते. कारखानदार विचारतो, रस्ता एमआयडीसीचा, पाणी एमआयडीसीचे, मग तुम्हाला कर कशाचा? सरपंच विचारतो, कामगार राहतात आमच्या गावात, कचरा होतो आमच्या गावात, शाळेतली पटसंख्या वाढते आमची, मग हा खर्च कोणी द्यायचा? दोघांचेही म्हणणे बरोबर आहे. चूक रचनेत आहे.

ग्रामपंचायत अधिनियमात यावर एक जुना तोडगा आहे. कारखाना स्वतः नागरी सोयी करत असेल तर करांऐवजी ठोक रक्कम ठरवून घेता येते. कागदावर तो चांगला आहे. व्यवहारात ठोक रक्कम ठरवताना एका बाजूला मोठ्या कंपनीचे करसल्लागार आणि दुसऱ्या बाजूला एक ग्रामसेवक असतो. रक्कम एकदा ठरली की वर्षानुवर्षे वाढत नाही, किंवा दरवर्षी वाद होऊन थकबाकी साचते. शहरी भागात हेच भांडण न्यायालयात जाते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले औद्योगिक क्षेत्र १९६० च्या दशकातले आणि नवी मुंबई महापालिका १९९२ ची. नंतर आलेल्या संस्थेने आधीच्या क्षेत्रावर मालमत्ता कर लावला आणि ‘कर कोणाला, सेवा कोणाची’ हा वाद तिथे अनेक वर्षे चालला.

या वादाचा वाढीशी काय संबंध? सरळ आहे. जोवर कराचा निकाल लागत नाही, तोवर कोणतीच संस्था मोठा खर्च हाती घेत नाही. महामंडळ म्हणते, तुम्ही कर घेता, तुम्ही रस्ता करा. पालिका म्हणते, क्षेत्र रीतसर हस्तांतरित झालेले नाही, आम्ही हात लावणार नाही. या मधल्या वर्षांत खड्ड्यांतून ट्रक जात राहतात, सुट्या भागांची गाडी तासभर उशिरा पोहोचते आणि छोट्या पुरवठादाराला दंड बसतो. मोठी कंपनी मंत्रालयात जाऊन रस्ता करून आणू शकते. वीस कामगारांच्या वर्कशॉपला ती सोय नसते. कारभारातल्या गोंधळाची खरी किंमत लघुउद्योग मोजतो, आणि स्थानिक माणसाला रोजगार देणारा बहुतेक वेळा तोच असतो.

शेजारच्या राज्यांनी यावर वेगळे मार्ग काढले. गुजरातेत तिथल्या औद्योगिक महामंडळाची, म्हणजे जीआयडीसीची, मोठी क्षेत्रे ‘अधिसूचित क्षेत्र’ होतात. वापी आणि अंकलेश्वर ही त्याची ओळखीची उदाहरणे. तिथे नागरी कामांसाठी वेगळे प्राधिकरण असते, कर तेच घेते आणि सेवाही तेच देते. उत्पन्न आणि जबाबदारी एका जागी आली. पण शेजारच्या गावाला त्या करातून आपसूक काही मिळत नाही. आंध्रने, आणि आता तेलंगणानेही, मधला मार्ग धरला. तिथे औद्योगिक क्षेत्राचे स्थानिक प्राधिकरण कर गोळा करते, त्यातले ३५ टक्के गावाच्या किंवा नगरपालिकेच्या वाट्याला देते आणि उरलेले ६५ टक्के क्षेत्रातच खर्च करते. हे प्रमाण ३५ असावे की ४५, यावर वाद घालता येईल. मोलाची गोष्ट ही की प्रमाण आधीच ठरलेले आहे. सरपंचाला अर्थसंकल्प मांडता येतो, कारखानदाराला एकाच खिडकीवर पैसे भरता येतात. महाराष्ट्रातही महामंडळाने कर गोळा करून ग्रामपंचायतीशी वाटून घेण्याचे प्रयत्न झाले आहेत, आणि माझ्या मते दिशा हीच योग्य आहे. वाटा वेळेवर पोहोचतो का आणि गावाला त्याचा हिशेब पाहता येतो का, यावर त्याचे यश ठरेल.

घटनेतही एक वाट आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३ थ नुसार, एखादा उद्योगसमूह नागरी सेवा देत असेल किंवा देणार असेल, तर राज्यपाल त्या भागाला औद्योगिक नगरी म्हणून जाहीर करू शकतात आणि तिथे नगरपालिका स्थापन न केली तरी चालते. उद्योजकांच्या संघटना याची मागणी वरचेवर करतात. सेवा चांगल्या मिळतात हे खरे. पण तिथे राहणारा कामगार मत देऊन आपला नगरसेवक निवडू शकत नाही. कारखान्यांच्या वसाहतीपुरती ही सोय ठीक आहे. हजारो कुटुंबे राहत असतील तिथे मात्र तिला माझा विरोध आहे.

भूखंड गेला, कारखाना आला नाही

जाहीर झालेली एकरे आणि उभे राहिलेले कारखाने यांत मोठे अंतर असू शकते. भूखंड मिळाल्यावरचा क्रम असा असतो: देकारपत्र (भूखंड देऊ केल्याचे पत्र), प्रीमियमचा भरणा, प्राथमिक करार, ताबा, नकाशा मंजुरी, ठरलेल्या मुदतीत किमान बांधकाम, मग इमारत पूर्णत्वाचा दाखला, ज्याला सगळे बीसीसी म्हणतात, आणि त्यानंतर अंतिम भाडेपट्टा. याशिवाय प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची आणि नंतर चालवण्याची संमती, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची नकाशा मंजुरी आणि परवाना, महावितरणची जोडणी, आणि बॉयलर असेल तर त्याची वेगळी नोंदणी.

गाडी अडते ती बांधकामाच्या मुदतीवर. मुदत संपली की शुल्क भरून मुदतवाढ मिळते. जमिनीचा भाव जर त्या शुल्कापेक्षा वेगाने वाढत असेल, तर भूखंड रिकामा ठेवणे हाच फायद्याचा धंदा होतो. थोडे बांधकाम करायचे, बीसीसी घ्यायची, हस्तांतरण शुल्क भरायचे आणि भूखंड विकायचा. नवा खरा उद्योजक मग सरकारी दराने नव्हे, बाजारभावाने जमीन घेतो, आणि जे पैसे यंत्रावर लागायचे ते जमिनीत अडकतात. यावर उपाय नियमात आहेतच. मुदतवाढीचे शुल्क दरवर्षी चढत जाईल असे ठेवणे आणि ठरलेल्या वेळी भूखंड खरोखर परत घेणे. अडचण अंमलबजावणीची आहे. भूखंड परत घेतला की वाद उभा राहतो, आणि मुदतवाढ दिली की महामंडळाच्या तिजोरीत शुल्क येते. ज्या संस्थेचे उत्पन्न मुदतवाढीतून येते, तिच्याकडून मुदतवाढ बंद करण्याची अपेक्षा ठेवताना वर कोणाचा तरी दट्ट्या लागतो.

परवानग्यांच्या बाबतीत राज्याने ‘मैत्री’ ही एक खिडकी योजना आधी आणली आणि २०२३ मध्ये तिला कायद्याचा आधार दिला. हा फरक महत्त्वाचा आहे. नुसती खिडकी म्हणजे अर्ज घेऊन पुढे पाठवणारे टपाल कार्यालय. विभागाने मुदतीत उत्तर दिले नाही तर निर्णय दुसऱ्याने घ्यावा असा अधिकार कायद्याने दिला, तरच खिडकीला अर्थ येतो.

सुझोऊचा धडा

मालकीची रचना बदलल्याने काय होते, हे चीनच्या सुझोऊ शहरात जितके स्पष्ट दिसते तितके फार थोड्या ठिकाणी दिसते. १९९४ मध्ये चीन आणि सिंगापूर सरकारांनी मिळून शहराच्या पूर्वेला एक औद्योगिक पार्क उभारायचे ठरवले. विकास कंपनीत सिंगापूरच्या बाजूचा वाटा ६५ टक्के, चिनी बाजूचा ३५. सिंगापूरने भांडवल आणले, जमीन भरून उंच केली, सांडपाण्याची व्यवस्था आधी आणि कारखाने नंतर असा क्रम पाळला, चिनी अधिकाऱ्यांना प्रशिक्षण दिले. नियोजनात बोट ठेवायला जागा नव्हती.

पण शहराच्या पश्चिमेला सुझोऊ महापालिकेचे स्वतःचे औद्योगिक क्षेत्र आधीपासून होते. तिथल्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा शहराला मिळत होता. पूर्वेच्या पार्कात शहराचा वाटा त्या मानाने किरकोळ. मग गुंतवणूकदार आला की स्थानिक अधिकारी त्याला कुठे नेणार? पश्चिमेची जमीन स्वस्त होती आणि दोन्ही क्षेत्रे एकाच गिऱ्हाइकामागे धावत होती. सिंगापूरच्या नेत्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, पण बीजिंगचा पाठिंबा असूनही स्थानिक पातळीवर काही हलले नाही. अखेर १९९९ मध्ये करार झाला आणि १ जानेवारी २००१ पासून वाटे उलटे झाले: चिनी बाजू ६५, सिंगापूर ३५. तोट्यात असलेली विकास कंपनी त्याच वर्षी नफ्यात आली. काळही अनुकूल होता, चीन त्याच वर्षी जागतिक व्यापार संघटनेत गेला. तरीही एवढे खात्रीने म्हणता येते की स्थानिक प्रशासनाला फायदा मिळू लागल्यावर त्याने पार्क आपले मानले.

चीनमध्ये अशी क्षेत्रे ‘व्यवस्थापन समिती’ चालवते. ती शहर सरकारची शाखा असते, माणसे मोजकी, अधिकार भरपूर, आणि काम एकच: गुंतवणूक आणणे. शाळा, दवाखाने, म्हातारी माणसे हे सगळे शेजारच्या नियमित जिल्हा प्रशासनाकडे. सुरुवातीच्या वर्षांत हे छान चालते. पुढे क्षेत्रात लोक राहायला येतात, आणि समितीकडे पैसा तर जिल्ह्याकडे जबाबदारी अशी फाळणी होते. म्हणून अनेक शहरांनी समिती आणि जिल्हा एकत्र केले. तियानजिनमध्ये २००९ साली तीन जिल्हे मिळून बिनहाई नवे क्षेत्र हा एकच जिल्हा झाला. एकत्र केल्याने जमीन आणि वाहतुकीचे नियोजन एका नकाशावर येते, पण चपळ समितीवर सरकारी खात्यांचा सगळा भार पडतो.

आणि एकाच आकड्यावर सगळ्यांची बढती अवलंबून ठेवली की आकडाच फुगतो. बिनहाईने २०१६ चे आपले सकल उत्पादन एक लाख कोटी युआन सांगितले होते. जानेवारी २०१८ मध्ये ते ६६,५४० कोटींवर आणावे लागले. त्याआधी २००० च्या दशकाच्या सुरुवातीला चीनभर गावोगावी विकास क्षेत्रांचे पेव फुटले होते. केंद्राने मोजणी केली तेव्हा ६,८६६ क्षेत्रे सापडली, नियोजित क्षेत्रफळ ३८,६०० चौरस किलोमीटर. २००६ पर्यंत छाटणी करून १,५६८ ठेवली, क्षेत्रफळ ९,९४९ चौरस किलोमीटर. नुसता फलक लावून कारखाना येत नाही, हे तिथेही महागात शिकावे लागले.

कुंपणाच्या बाहेर

महाराष्ट्रात या अनुभवाच्या सर्वात जवळची नवी रचना छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा-बिडकीनला ऑरिक या नावाने उभी राहिली आहे. दहा हजार एकरांच्या आसपासच्या या नगरीसाठी वेगळी कंपनी आहे, तिच्यात एमआयडीसीचा वाटा ५१ टक्के आणि केंद्राच्या न्यासाचा ४९. राज्याने जमीन घातली, केंद्राने पैसा. नियोजन, भूखंड आणि सेवा एकाच कंपनीकडे. राहण्याची जागा आराखड्यातच धरली आहे, त्यामुळे हिंजवडीसारखी पार्कालगत बेशिस्त वस्ती वाढण्याचा धोका कमी होतो. लोकवस्ती वाढेल तेव्हा त्या लोकांनी मत कोणाला द्यायचे, याची तजवीज आतापासून करायला हवी. वस्ती भरल्यावर ही चर्चा सुरू केली तर नवी मुंबईसारखीच भांडणे होतील.

हद्दीबाबतचा निष्काळजीपणा फक्त पैशांत मोजता येत नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले, माणसे गेली, भोवतालच्या घरांच्या काचा फुटल्या. कारखान्याच्या आतली सुरक्षितता एका संचालनालयाने बघायची, नकाशा एमआयडीसीने, प्रदूषण नियंत्रण मंडळाने, आणि कुंपणाबाहेर इमारतीला परवानगी देणारे आणखी वेगळे. धोकादायक कारखाना आणि घर यांच्यात किती मोकळी जागा हवी, हा प्रश्न यातल्या प्रत्येकाच्या हद्दीच्या काठावर पडून राहिला. अशा अपघातानंतर कारखाने हलवण्याची मागणी होते, नवी गुंतवणूक थांबते, आणि आहेत त्या नोकऱ्याही अधांतरी होतात.

सांडपाण्याचेही तसेच. सामाईक प्रक्रिया केंद्र, म्हणजे सीईटीपी, तारापूरसारख्या अनेक ठिकाणी उद्योजकांचीच संस्था चालवते. वाहिन्या एमआयडीसीच्या, तपासणी मंडळाची. केंद्राच्या क्षमतेपेक्षा जास्त पाणी आले की ते कोणी जास्त सोडले हे सिद्ध करता येत नाही, आणि दंड सगळ्यांवर वाटला जातो. प्रत्येक कारखान्याच्या तोंडावर प्रवाहमापक बसवून त्याची नोंद प्रक्रिया केंद्राला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला एकाच वेळी दिसेल अशी व्यवस्था केली, तरच प्रामाणिक कारखान्याला त्याच्या प्रामाणिकपणाची किंमत मोजावी लागत नाही.

आपल्या गावाजवळ नवे क्षेत्र येणार असेल तर ग्रामसभेने ‘नोकऱ्या किती’ याच्या आधी काही कागद मागावेत. हद्दीचा नकाशा गट क्रमांकांसह, आणि त्यावर ओढे-नाले दाखवलेले. कर कोण गोळा करणार आणि गावाचा वाटा किती टक्के, कोणत्या महिन्यात मिळणार, याचा लेखी निर्णय. कुंपणापासून किती अंतरापर्यंत निवासी बांधकाम बंद राहणार, ते अंतर. सीईटीपीची क्षमता आणि प्रक्रिया केलेले पाणी शेवटी कोणत्या नाल्यात सोडणार, त्याचे नाव. भूखंड घेणाऱ्या उद्योजकानेही हेच कागद बघावेत, शिवाय आधीच्या धारकाची बीसीसी आणि थकबाकी नसल्याचा दाखला, एमआयडीसीचा आणि ग्रामपंचायतीचा, दोन्हीकडचा. हे कागद अधिसूचनेच्या टप्प्यावर मागितले तर मिळण्याची शक्यता जास्त असते. ताबा गेल्यावर गावाच्या हाती अर्जाशिवाय काही उरत नाही.